दादा, हा शंभर टक्के चीटर आहे!

येवल्याहून फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मावशीच्या घरून एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला. उचलला, तर पलीकडे मावसभाऊ निखिल.

"दादा, शंभर टक्के चीटर आहे हा. फाइल पाठवलीय. तू बघच."

निखिल डीसीएस वर्ल्ड हा फ्लाइट सिम्युलेटर खेळतो. मोबाइलवर बोट फिरवून विमान उडवायचं, तसला हा खेळ नाही. इथे दुसऱ्या महायुद्धातलं विमान नुसतं सुरू करायचं तर इंधनाचा कॉक, मॅग्नेटो, प्रायमिंगचा पंप असं सगळं क्रमाने करावं लागतं. उड्डाणाच्या वेळी रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूवर, पाय नीट नसेल तर विमान धावपट्टीवरच गिरकी घेतं. त्या रात्री तो युरोपातल्या एका सर्व्हरवर ब्रिटिश बनावटीचं स्पिटफायर उडवत होता. वीस मिनिटं खपून उंची गाठली, मग एका जर्मन मेसरश्मिट १०९ शी गाठ पडली. चार मिनिटं झटापट झाली आणि शेवट अर्ध्या सेकंदात. की पुन्हा धावपट्टी, पुन्हा कॉक, मॅग्नेटो, पंप. या खेळात ‘चीटर’ हा शब्द इतका पटकन तोंडात का येतो, ते इथेच कळतं. मेहनत स्वतःच्या डोळ्यांसमोर झालेली असते, आणि मरण बहुतेकदा पाठीमागून आलेलं असतं.

निखिलच्या तक्रारी चार होत्या. बरोबरीच्या उंचीवरून तो १०९ सरळ आकाशात उभा चढला, असं विमान चढूच शकत नाही. एका गोळीत मी मेलो. गोळी लागली तेव्हा मी वळून निसटलो होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी ढगाआड असताना तो बरोबर माझ्याच दिशेने वळला.

येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस पतंगांची काटाकाटी चालते. आमचं लहानपण मावशीच्या गच्चीवर आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरून गेलं. पतंग कापला गेला आणि समोरच्या गच्चीवरून ‘वकाट!’ची आरोळी आली, की आमचं वाक्य ठरलेलं असायचं: "त्याचा मांजा नायलॉनचा आहे!" नायलॉनच्या मांजावर बंदी आहे आणि तरी तो वापरणारे आहेत, त्यामुळे हा आरोप हवेतला म्हणता येत नाही. पण मांजा हातात घेऊन चोळून बघेपर्यंत खरंखोटं कळतही नाही. निखिलने पाठवलेली फाइल म्हणजे हातात आलेला मांजा होता. टॅकव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे. लढाईतलं प्रत्येक विमान कोणत्या क्षणी कुठे होतं, किती उंचीवर, किती वेगात, हे सगळं त्यात नोंदलं जातं आणि नंतर पुढेमागे करून पाहता येतं.

आधी तो उभा चढण्याचा प्रकार घेऊ. या आकाशातली बरीचशी भांडणं इथेच जन्मतात.

विमानाला दोन खिसे आहेत असं समजा. एकात उंची, दुसऱ्यात वेग. या खिशातलं त्या खिशात टाकता येतं. नाक खाली केलं की उंची खर्चून वेग मिळतो, वर केलं की वेग खर्चून उंची. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर हजार मीटर उंची खर्चून ताशी ५०० किलोमीटरचा वेग हाती येतो. शाळेतलं स्थितिज आणि गतिज ऊर्जेचं गणित ते हेच. घोळ असा, की दुसऱ्याचा उंचीचा खिसा आपल्याला दिसतो, वेगाचा दिसत नाही. दोन किलोमीटरवरचा काळा ठिपका ताशी ३०० ने येतोय की ५५० ने, हे ठिपक्याकडे बघून कळायला फार सराव लागतो.

फाइल लावली. दोघं एकमेकांसमोरून गेले तेव्हा दोघंही २,५०० मीटरवर होते. निखिलच्या लेखी हा बरोबरीचा सामना. पण तो नुकताच चढून आलेला, वेग ताशी २९०. समोरचा दुरून हलक्या उतारावर सुटत आलेला, वेग ताशी ५६०. वेग मीटर-प्रति-सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि १९.६ ने भागा. त्या वेगाची किंमत उंचीच्या भाषेत मिळते. निखिलच्या वेगाची किंमत निघाली ३३० मीटर. १०९ च्या वेगाची १,२३५ मीटर. म्हणजे शेजारी शेजारी दिसणाऱ्या या दोघांपैकी एक जण हिशेबाने ९०० मीटर वर बसला होता. बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर आहे, यावरून अंदाज करा.

पुढे जे व्हायचं तेच झालं. तो वर निघाला आणि निखिल त्याच्या मागे लागला. २,७५० मीटरच्या आसपास स्पिटफायर थरथरायला लागलं आणि पंख हवा सोडून बसले. तेव्हा १०९ होतं ३,३५० वर. ताशी जेमतेम १८० च्या वेगाने ते सावकाश नाक फिरवून खाली बघत होतं. खेळणारे याला ‘रोप करणं’ म्हणतात. माशाला गळाला लावावं तसं समोरच्याला शेपटीचं आमिष दाखवून वर ओढत न्यायचं आणि त्याच्या खिशातलं संपलं की उलटायचं. निखिलला दिसलं ते एवढंच, की आपण लटकलोय आणि तो चढतोच आहे. त्या क्षणी तिथे बसलेल्या कोणालाही ही जादूच वाटेल.

हा हिशेब लढाऊ विमानांना रीतसर लावला तो अमेरिकी हवाई दलातल्या जॉन बॉइडने, १९६० च्या दशकात, थॉमस क्रिस्टी या गणितज्ञाला बरोबर घेऊन. कोणतं विमान कोणत्या उंचीवर आणि कोणत्या वेगाला किती ऊर्जा नव्याने कमावू शकतं, याचे आलेख त्यांनी काढले. पुढे एफ-१५ आणि एफ-१६ या अमेरिकी लढाऊ विमानांची आखणी झाली त्यामागे हा विचार होता. गंमत म्हणजे या कामासाठी संगणकाचा वेळ भलत्याच कामाच्या खात्यावर वापरला, म्हणून बॉइडची चौकशी झाली होती. विमानांच्या ऊर्जेचा हिशेब मांडणाऱ्या माणसावर संगणकाच्या वेळेच्या चोरीचा ठपका!

बॉइडचा हिशेब आरोपी सोडवायला जसा उपयोगी, तसा पकडायलाही. उंची आणि वेगाची किंमत यांची बेरीज करा. ही बेरीज वाढवू शकतं फक्त इंजिन, आणि इंजिनाला मर्यादा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळातली पंख्याची चांगली चांगली फायटर विमानंसुद्धा सेकंदाला साधारण वीस-पंचवीस मीटरच चढत. तेव्हा एखाद्या विमानाची ही बेरीज तीन सेकंदांत ३०० मीटरने वाढलेली दिसली, तर एक तर फाइलमध्ये जोडणी तुटल्याची उडी आहे, नाही तर खरंच काहीतरी काळंबेरं आहे. मी त्या १०९ ची बेरीज सेकंदासेकंदाला एक्सेलमध्ये मांडली. सुरुवातीला ३,७३५, वर पोहोचला तेव्हा ३,४८० च्या आसपास. वाढली तर नाहीच, अडीचशे मीटर हवेने खाल्ले. पहिली तक्रार निकालात निघाली.

इंधनाचाही एक भाग असतो, तो नवशिक्यांच्या गावीच नसतो. अमेरिकेच्या पी-५१ मस्टँगमध्ये आतल्या टाक्यांत हजार लिटरच्या आसपास इंधन मावतं. वजन सुमारे सातशे किलो. त्यातली एक टाकी वैमानिकाच्या पाठीमागे आहे. ती भरलेली असली की विमानाचा तोल मागे सरकतो आणि जोरात वळवलं तर ते हातातून जातं. खऱ्या वैमानिकांना बर्लिनपर्यंत जाऊन परत यायचं होतं, त्यांना ते इंधन लागत होतं. सर्व्हरवरच्या माणसाला तीस किलोमीटर जाऊन लढायचं असतं. तो तीस टक्के इंधन घेऊन निघतो. शंभर टक्के भरून निघालेल्याला मग तो ‘भलत्याच’ चपळाईने वळताना दिसतो. विमान तेच असतं, पाचशे किलो हलकं.

"आणि एका गोळीत?" फोनवर निखिल थांबायला तयार नव्हता.

त्याला म्हटलं, ती गोळी कसली होती ते बघ. १०९ च्या के-४ या आवृत्तीच्या नाकात एमके १०८ ही ३० मिलिमीटरची तोफ आहे. स्फोटकाने भरलेले गोळे, एकूण ६५. हे हत्यार बनवलंच होतं चार इंजिनांचे बॉम्बर पाडायला, आणि त्यांनाही चार-पाच गोळे पुरत. स्पिटफायरसारख्या लहान विमानाला एक लागला तरी पंख जाऊ शकतो. इथे चर्चेला फार जागाच नाही.

चर्चा आहे ती नेमाची. एमके १०८ चा गोळा तसा मंद, तोंडातून निघताना सेकंदाला पाचशे मीटरच्या थोडा वर. तीनशे मीटरवरून आडव्या जाणाऱ्या विमानावर मारायचा तर पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ताशी ५४० ने जाणारं लक्ष्य नव्वदएक मीटर पुढे सरकलेलं असतं. म्हणजे नऊ-दहा विमानांची लांबी मोजून तेवढ्या पुढच्या रिकाम्या आकाशात नेम धरायचा. हे ज्याला नेहमी जमतं त्याच्यावर लोक ‘एमबॉट’चा संशय घेतात, म्हणजे नेम धरून देणारा चोरटा प्रोग्रॅम. आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेला जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्सेय आडव्या जाणाऱ्या विमानावर असाच नेम धरण्यासाठी प्रसिद्ध होता. आजच्या सर्व्हरवर असता तर रोज रिपोर्ट झाला असता.

पण बहुतेक चांगले खेळाडू मार्सेय नसतात. ते दुसरंच करतात, आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ मध्ये हवाई लढाईचे नियम लिहून काढले. त्यातले दोन असे: हल्ल्याआधी वरचढ जागा घ्या आणि जमल्यास सूर्य पाठीशी ठेवा, गोळी जवळूनच झाडा. बरोबर मागून, शंभर मीटरच्या आत गेलं की पुढचं आकाश मोजावंच लागत नाही. समोरचं विमान काचेत मावेनासं होतं आणि नेम चुकवणं अवघड जातं. फाइलमध्ये १०९ ने ट्रिगर दाबला तेव्हा अंतर होतं साधारण नव्वद मीटर, सूर्य पाठीशी, आणि निखिल त्या वेळी उजवीकडे खाली बघत सरळ चालला होता. नव्वद मीटरवरून सरळ जाणारं स्पिटफायर. इथे एमबॉटची गरजच काय?

नेमाच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. वॉर थंडर या दुसऱ्या लोकप्रिय गेममध्ये ‘आर्केड’ नावाचा सोपा प्रकार आहे. त्यात शत्रूच्या पुढे कुठे मारायचं त्याची खूण गेम स्वतःच पडद्यावर दाखवतो. त्याच गेमच्या ‘रिअलिस्टिक’ प्रकारात ती खूण नसते. तिथे चोरट्या प्रोग्रॅमने तीच खूण पडद्यावर आणली की खातं बंद होऊ शकतं. एकच ठिपका, एका खोलीत सोय आणि शेजारच्या खोलीत चोरी. म्हणजे एखादी गोष्ट चीटिंग आहे की नाही, हे त्या गोष्टीत नसतं, त्या आकाशात सगळ्यांनी काय कबूल केलंय त्यात असतं. डोक्याच्या हालचालीबरोबर नजर फिरवणारं ट्रॅकआयआर, व्हीआर हेडसेट, भला मोठा मॉनिटर, पायाखाली पाच आकडी किमतीचे रडर पेडल: यांतलं काहीच चीटिंग नाही, पण निखिलकडे यांतलं काहीच नाही. त्याची जळजळ मला समजते.

आता तिसरी तक्रार. "मी वळलो होतो, दादा. माझ्या स्क्रीनवर तो शंभराच्या बाहेर होता." नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून त्याला गप्प करता आलं असतं. पण ऑनलाइन आकाशात अंगण खरोखरच थोडं वाकडं असतं.

येवल्यातला संगणक आणि युरोपातला सर्व्हर यांच्यात संदेश जाऊन यायला निखिलला साधारण १८० मिलिसेकंद लागतात. समोरचा युरोपातलाच असेल, त्याला ४० लागतात असं धरू. म्हणजे त्याची जागा निखिलपर्यंत पोहोचायला सुमारे ११० मिलिसेकंद, एका सेकंदाचा नववा भाग. एवढ्या वेळात ताशी ५४० ने जाणारं विमान साडेसोळा मीटर जातं. निखिलला तो दिसतो साडेसोळा मीटर आधीच्या जागी, आणि त्याला निखिल दिसतो साडेसोळा मीटर आधीच्या जागी. आता पाठलागात याचा परिणाम बघा. मागच्याला पुढचं विमान आहे त्यापेक्षा जवळ दिसतं. पुढच्याला मागचं विमान आहे त्यापेक्षा लांब दिसतं. एकाच क्षणाला एकाच्या पडद्यावर ८० मीटर आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ११३. दोघंही शपथेवर खरं बोलतायत.

गेम बनवणारे हे ओळखून असतात. त्यावर उपाय म्हणून आपला संगणक अंदाज बांधतो: हा विमानवाला शेवटचा कळला तेव्हा इकडे, या वेगाने जात होता, तर आत्ता इथे असणार. सरळ जाणाऱ्या विमानाला हे छान लागू पडतं. पाच जीचं (अंगावर वजनाच्या पाचपट जोर येणारं) कडक वळण घेणाऱ्यालाही ११० मिलिसेकंदांच्या अंदाजात चूक येते ती फूटभराची. पण मध्येच अर्ध्या सेकंदाचे संदेश हरवले, तर चूक सहा मीटरवर जाते आणि पुढचा संदेश आला की विमान टुणकन उडी मारून खऱ्या जागी येतं. त्या उडीच्या वेळी कोणी गोळ्या झाडत असेल, तर त्या लागल्या की नाही यावर दोन संगणकांचं एकमत होणं कठीण. मुद्दाम स्वतःची जोडणी तोडून अशा उड्या मारणारे महाभागही आहेत, आणि ती चीटिंगच. पण येवल्यात पावसाळ्यात जी जोडणी असते ती कोणी मुद्दाम तोडत नाही.

टकरीच्या भांडणावर एसेस हाय या जुन्या ऑनलाइन गेमने काढलेला तोडगा मला अजून आवडतो. प्रत्येकाचा संगणक फक्त आपल्या पडद्यावरची टक्कर मोजणार. माझ्या पडद्यावर मी तुला धडकलो तर माझं विमान मोडेल. तुझ्या पडद्यावर तू बाजूने सहीसलामत गेलास तर तुझं काही बिघडणार नाही. ऐकायला अन्यायच वाटतो. पण जे तुम्हाला दिसलं नाही त्याची शिक्षा तुम्हाला नाही, यापेक्षा न्याय्य नियम दोन वेगळ्या सत्यांसाठी मला तरी सुचत नाही.

यातून एक कामाची गोष्ट निघते. आरोप घेऊन कोणी फाइल दाखवली, तर ती कोणाच्या संगणकावर तयार झाली हे आधी विचारावं. निखिलच्या संगणकावरची फाइल निखिलचं सत्य सांगते. मला मिळालेले नव्वद मीटर हे त्याच्या बाजूचे होते. मारणाऱ्याच्या पडद्यावर अंतर याहून कमी असणार.

उरला ढग. इथे मात्र मीही फाइल तीन वेळा मागेपुढे केली.

खरं चीटिंग शोधायचं असेल तर विमान कसं उडतंय यापेक्षा वैमानिकाला काय काय माहीत आहे, इकडे बघावं, असं माझं मत बनत गेलंय. वेग वाढवणारी किंवा इंजिनात जीव फुंकणारी चोरी हिशेबात लगेच उघडी पडते. माहितीची चोरी पडत नाही. फाइलींत ढवळाढवळ करून ढग पातळ करणं, शत्रूच्या विमानावर नावाची पाटी आणणं, पाठीमागे कोण आहे हे कोपऱ्यात दाखवणारा प्रोग्रॅम लावणं. हे सगळं करूनही विमान अगदी शहाण्यासारखं, भौतिकशास्त्राच्या चौकटीत उडत राहतं.

माहिती किती मोठं हत्यार आहे, ते ऑगस्ट २०२० मध्ये जगाने पाहिलं. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने सिम्युलेटरमध्ये एफ-१६ ची डॉगफाइट, म्हणजे जवळून होणारी हवाई झुंज, लावली. एका बाजूला हेरॉन सिस्टिम्स या कंपनीने बनवलेला एआय, दुसऱ्या बाजूला व्हीआर हेडसेट घातलेला हवाई दलाचा अनुभवी एफ-१६ वैमानिक. निकाल ५-०, एआयच्या बाजूने. एआयचं विमान वेगळं नव्हतं, इंजिन वेगळं नव्हतं. पण शत्रू कुठे आहे हे त्याला प्रत्येक क्षणी अचूक कळत होतं, मान वळवून शोधावं लागत नव्हतं. वर सरावात माणसांना ज्या समोरासमोरच्या गोळीबाराला मनाई असते, तो करायला त्याचा हात कचरत नव्हता. आपल्या सर्व्हरवर कोणी असा उडला असता तर आपण सगळ्यांनी त्याला चीटर म्हटलं असतं, आणि माहितीपुरतं ते खरंही ठरलं असतं.

तर ढगाआडून कोणी वळलं की ही शंका येणं रास्त आहे. पण इतर कारणंही मोजावी लागतात. तो मित्रांबरोबर व्हॉइस चॅटवर असेल आणि तिसऱ्याने सांगितलं असेल, "ढगाच्या पश्चिमेला एक आहे." काही सर्व्हरवर जमिनीवरचं रडार शत्रूची दिशा कळवतं. किंवा निखिल ढगात शिरताना त्याने पाहिला असेल आणि हा बाहेर कुठून पडणार याचा अदमास बांधला असेल. शिवाय मॉनिटरचीही एक जुनी कटकट आहे. डीसीएसमध्ये वर्षानुवर्षं अशी गत होती, की कमी रिझोल्यूशनच्या पडद्यावर दूरचं विमान जाड ठिपक्यासारखं उठून दिसायचं आणि महागड्या फोर-के पडद्यावर तेच विमान बारीक होऊन हरवायचं. जास्त पैसे मोजून लोक आंधळे होत होते. काहींनी त्यासाठी मुद्दाम रिझोल्यूशन उतरवलं. ते चीटिंग होतं का, यावर लोक भांडले, आणि माझ्या मते नव्हतं.

सर्व्हर चालवणाऱ्यांच्या हातात काही उपाय असतात. डीसीएसमध्ये सर्व्हर अशी अट घालू शकतो, की खेळाडूच्या संगणकावरच्या फाइली मूळ होत्या तशाच हव्यात, नाही तर प्रवेश नाही. वॉर थंडरमध्ये सामन्याची नोंद सर्व्हरवरच राहते आणि नंतर कोणालाही पाहता येते. तरी शेवटी एखाद्याची सवय बघावी लागते. एकदा ढगाआडून वळला, तर नशीब किंवा मित्र. दहा सामन्यांत दहादा, न दिसणाऱ्या विमानाकडे, तेही कोणी सांगणारं नसताना वळला, तर तक्रार करायला हरकत नाही. ती चॅटमध्ये ओरडून करू नये, फाइल जोडून सर्व्हर चालवणाऱ्याकडे करावी.

"पण असले लोक मलाच कसे भेटतात रोज?" निखिल म्हणाला.

याचं उत्तर सोपं आहे आणि थोडं अपमानास्पद आहे. सर्व्हरवर तीस जण आहेत असं धरा, आणि त्यातले तिघं मिळून निम्मी विमानं पाडतात. मग तुमची निम्मी मरणं त्या तिघांच्याच हातून होणार. बाकीचे सत्तावीस आपल्यासारखेच धडपडे असतात, पण ते लक्षात राहत नाहीत, कारण त्यांतला एकेकटा आपल्याला क्वचितच मारतो. खऱ्या युद्धातही हे असंच होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा एरिक हार्टमान ३५२ पाडलेल्या विमानांवर पोहोचला, गेरहार्ड बार्कहॉर्न ३०१ वर. तीनशेच्या पुढे जगात हे दोघंच. युद्धानंतर या आकड्यांवर पुष्कळांनी शंका घेतली. पण हार्टमानने चौदाशेच्या आसपास उड्डाणं केली होती. अमेरिकी वैमानिकांना ठरावीक मोहिमा झाल्या की घरी पाठवत, जर्मन वैमानिक मरेपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडत. शिवाय हार्टमानची रीत बोल्केच्या नियमांसारखीच होती: आधी बघ, ठरव, काच भरेपर्यंत जवळ जा, मार आणि निघून जा. गरगर फिरणाऱ्या झुंजीच्या वाटेला तो सहसा जातच नसे.

आणि आपण डोळ्यांनी बघितलं, या वाक्यावर हवेत किती भरवसा ठेवावा? १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिश हवाई दलाने एका दिवसात १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. नंतर जर्मन कागदपत्रं हाती आली तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला. ते वैमानिक खोटारडे नव्हते. एकाच जळत्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या होत्या आणि तिघांनीही ते पडताना पाहिलं होतं.

रात्रीचा दीड वाजला. ढगाचं कोडं सुटलं नव्हतं. त्या वळणाआधीचे अकरा सेकंद मला कशानेच समजावता येत नव्हते. तिसरं मित्र-विमान तीन किलोमीटरवर होतं, त्याने सांगितलं असेलही, नसेलही. निखिल म्हणाला, "म्हणजे चीटरच." मी म्हटलं, एवढ्यावर नाही. या माणसाच्या आणखी फाइली आहेत का बघ. निखिल प्रत्येक सामन्याची नोंद ठेवतो, त्याने सगळा फोल्डरच पाठवून दिला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी नाव शोधलं. त्याच आठवड्यातल्या दोन फाइलींत तो सापडला. पहिलीत काहीच नव्हतं. दुसरीत तो ९०० मीटरवर, निरभ्र आकाशात, सरळ रेषेत घरी परत चालला होता. मागून एक स्पिटफायर आलं. दोन किलोमीटर, एक किलोमीटर, तीनशे मीटर. तो हललासुद्धा नाही. पाठीमागचं दाखवणारा प्रोग्रॅम ज्याच्याकडे आहे, तो असा मरत नाही. स्पिटफायरने नव्वद-शंभर मीटरवरून मारलं आणि १०९ चा डावा पंख गेला. ती फाइल मी निखिलला परत पाठवली. खाली फक्त वेळ लिहिली: १७ मिनिटं ४० सेकंद.

पावणेबाराला फोन.

"दादा," तो म्हणाला आणि थोडा वेळ काही बोललाच नाही. "हे स्पिटफायर तर माझं आहे."